खूण नाही की दिसत नाही? खळ्यातल्या अकरा नाण्यांचं प्रकरण

वैशाख लागता लागता निफाड तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरून फोन आला. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला होता आणि त्या धांदलीत थोरल्या सुनेच्या मंगळसूत्राची एक वाटी तुटून पडली होती. चाळीत भरण्याआधी कांदा मळणीच्या जुन्या खळ्यावर पसरला होता, तेव्हा वाटी पडली असेल तर तिथेच, असा सगळ्यांचा कयास. धाकटा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो मित्राचं मेटल डिटेक्टर घेऊन आला आणि दोन संध्याकाळी खळं पिंजून काढलं. वाटी मिळाली नाही. अकरा नाणी मिळाली.

मी बँकेत रोखपाल होतो, नाण्यांचा नाद तिथलाच. निवृत्तीनंतर तो वाढला आणि आता ओळखीपाळखीच्या घरांतून असे फोन येतात. या वेळी धाकटाच बोलत होता. "काका, एक लाहोरचं आहे. आणि एक ठिपका नसलेलं, म्हणजे कलकत्त्याचं. व्हिडिओत बघितलं, लाखात जातं."

मी म्हटलं, काही धुऊ नकोस. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग म्हणाला, "दोन धुतली."

दह्याच्या डब्यात

रविवारी गेलो. ओट्यावर चहा येण्याआधी दह्याचा रिकामा डबा पुढे आला. अकराच्या अकरा नाणी त्यात एकत्र खुळखुळत होती. नाणी जमिनीतून काढणाऱ्यांची ही पहिली चूक. नाण्यावर नाणं घासून जे बारीक चरे पडतात ते परत भरून येत नाहीत. त्याहून मोठं नुकसान वेगळंच असतं: कुठलं नाणं कुठे, किती खोल मिळालं, हे डब्यात टाकलं की संपतं.

नशीब इतकंच की आजकालची मुलं फोटो काढल्याशिवाय काही करत नाहीत. प्रत्येक नाणं मातीतून वर येताच त्याने मोबाइलवर फोटो घेतला होता. फोटोंवर वेळ होती, मागे कुठे विहिरीचं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं ते कुंड, दिसत होतं, कुठे तिवड्याच्या, म्हणजे मळणीच्या मधल्या खांबाच्या, खड्ड्यातला दगड, कुठे द्राक्षबागेच्या कडेचा लोखंडी अँगल. त्यावरून आम्ही वहीत खळ्याचा नकाशा काढला आणि आठ नाण्यांच्या जागा बऱ्यापैकी नक्की केल्या. तीन राहिली ती राहिलीच.

बागेच्या बाजूला त्याला फार काही करता आलं नव्हतं. अँगल आणि तारांच्या जाळीजवळ यंत्र सतत किंचाळतं. मोकळ्या जागेत मात्र ते चार बोटांपासून वीतभर खोलीपर्यंतचं नाणं सांगत होतं. चांदीला उंच, स्वच्छ आवाज, काशाला मधला. एक नाणं यंत्राने नाही, त्याच्या डोळ्यांनी शोधलं: गेंड्याच्या चित्राचे २५ पैसे. हे नाणं गंज न चढणाऱ्या पण चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचं. यंत्राला ते खिळ्यासारखं वाटतं आणि लोखंड वगळायला सांगितलेलं असेल तर यंत्र गप्प बसतं. आपल्याकडे गोदाघाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यातनं पैसे काढतात, त्यांचा हिशेब याच्या बरोब्बर उलटा. त्यांना पोलादी नाणी मिळतात आणि तांब्या-काशाची तळाशी राहतात.

आता नाणी. सर्वांत जुनी एक शिवराई, मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', दोन ओळींच्या मध्ये दुहेरी रेघ, म्हणजे दुदांडी. मग एक फारसी अक्षरांचा चांदीचा रुपया. १९१८ चा पंचम जॉर्जचा राजाछाप रुपया. पाव आण्याची तीन काशाची नाणी, दोन १९३६ ची आणि एक १९३९ चं. युद्धकाळातले भोकाचे तीन पैसे. १९५७ चा एक नया पैसा. आणि तो गेंडा.

ठिपका

नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते ओळखायचा एक नियम घरात तोवर पक्का झाला होता: ठिपका म्हणजे मुंबई, काही नाही म्हणजे कलकत्ता, एल म्हणजे लाहोर. नियम खोटा नाही. ब्रिटिश अमलात कलकत्ता टांकसाळीने बहुतेक नाण्यांवर स्वतःची खूण ठेवलीच नाही आणि मुंबईने मात्र ठेवली, कधी ठिपका, कधी इंग्रजी बी, कधी चौकट. लाहोरला दुसऱ्या महायुद्धात टांकसाळ सुरू झाली. तिचा एल १९४३ पासूनच्या नाण्यांवर दिसतो. आमच्या तीन भोकाच्या पैशांपैकी १९४४ च्या एकावर तो होता, भिंगाखाली अगदी स्पष्ट. उरलेल्या दोघांवर हिरवी पुटं इतकी चढली होती की साल लागणंही मुश्कील. तांबं वाचवायला युद्धात या पैशाला भोक पाडलं होतं, आणि आमच्या लहानपणी हेच पैसे वायसर म्हणून नटाखाली बसवलेले मी पाहिले आहेत. एल असलेला पैसा दुर्मीळ नाही. लाहोर आता सीमेपलीकडे गेलं म्हणून नावाला वजन आलं, एवढंच.

पण नियम पाठ करून नाणी वाचता येत नाहीत, हे आजीमुळे कळलं. त्या देवघरातून लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया घेऊन आल्या. "हा पण बघ की रे, याच्यावर पण टिपके हायेत." १८६२ सालचा रुपया. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू बारीक खाचांत बसलेलं. नातवाने लगेच सांगितलं, "मुंबई!" मुंबई बरोबर होतं, पण कारण चुकीचं. १८६२ च्या त्या रुपयांवर पुढची दहा-बारा वर्षं मुंबई टांकसाळीने तेच साल ठेवून दिलं आणि नाणं खरंच कधी पाडलं ते ठिपक्यांच्या संख्येने नोंदवलं. म्हणजे तिथे ठिपका गाव सांगत नाही, वर्ष सांगतो. संग्राहक ते ठिपके मोजतात. कुंकवाखाली तीन आहेत की चार ते मला सांगता येईना, आणि देवातला रुपया घासायला मी सांगणार नव्हतो.

मग गेंड्याच्या २५ पैशांकडे वळलो. त्याच्याही सालाखाली ठिपका. "हे पण मुंबई?" नाही. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, कोलकात्याची काहीच नाही आणि ठिपका नोएडाचा. नोएडाची टांकसाळ १९८८ ची. सालातला शेवटचा आकडा नांगराच्या फाळाने खरवडून गेला होता, पण १९९० च्या दशकातलं नाणं एवढं दिसत होतं.

एक ठिपका, तीन अर्थ. १८६२ च्या रुपयावर वर्ष, १९३६ च्या पाव आण्यावर मुंबई, १९९० नंतरच्या पोलादी नाण्यावर नोएडा. आधी नाणं ओळखायचं, मग खूण वाचायची. उलट केलं की माणूस पुस्तकात बरोबर आणि हातात चूक असतो.

नाशिककरांसाठी एक जाता जाता. पाहुण्यांना आपण अभिमानाने सांगतो की आमच्याकडे पैसे छापतात. खरं आहे, नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ चा आणि नोटांचा छापखाना १९२८ चा. पण तिथे कागद छापतात, नाणं पाडत नाहीत. या घरातल्या थोरल्या भावाने नया पैसा हातात घेऊन "हा आपल्याच नाशिकरोडचा असेल" असं म्हटलं, म्हणून सांगतो. त्याच्यावर मुंबईची चौकट होती.

दोन १९३६ आणि एक १९३९

आता खरं प्रकरण. पाव आण्याच्या या मालिकेत मुंबईचा ठिपका सालाच्या खाली असतो, अगदी बारीक, उठावदार. १९३६ चा पाव आणा मुंबईतही पडला आणि कलकत्त्यातही.

पहिल्या १९३६ वर ठिपका नीट होता. वाद नाही. मुंबई.

दुसरं १९३६ चिंच-मिठाने चोळलेलं. गुलाबी, उघडं, जखम धुतल्यासारखं दिसत होतं. जमिनीत तांब्या-काशावर जो काळपट-हिरवा थर बसतो तो घाण नसतो, तो धातूचाच वरचा पापुद्रा असतो. चिंच तो खाते, आणि त्याच्यासोबत उठावाच्या कडा जातात. सगळ्यांत आधी जातो तो सगळ्यांत बारीक उठाव. सालाखाली ठिपका नव्हता. धाकट्याने यालाच कलकत्ता ठरवलं होतं आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत "बिनठिपक्याचं" नाणं लाखाला विकलं जातं असं ऐकलं होतं.

१९३९ चं नाणं धुतलेलं नव्हतं. त्याच्या सालाखाली ठिपका होता. ते त्याने मुंबई म्हणून बाजूला ठेवलं होतं.

मी दोन्ही नाणी खिडकीशी नेली. सराफाचं दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं आणि मोबाइलचा टॉर्च वरून नाही, अगदी कडेने, नाण्याच्या पातळीला धरला. सरळ उजेडात सपाट दिसणारी गोष्ट तिरप्या उजेडात सावली टाकते. नाण्यांच्या कामात याच्याइतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही.

१९३९ चा ठिपका सावली टाकत होता, पण त्याची वागणूक ठिपक्याची नव्हती. एक तर तो सालाच्या मधोमध नव्हता, ९ च्या शेपटीकडे सरकलेला. दुसरं, त्याची कड गोल नव्हती. आणि त्याचा रंग आजूबाजूच्या थरापेक्षा फिका हिरवा. ऊर्ध्वपातित पाण्यात नाणं आठवडाभर ठेवलं, रोज पाणी बदललं, आणि मग बांबूच्या काडीचं ओलं टोक हलकेच टेकवलं. ठिपका निघून आला. गंजाचा फोड होता. खाली पृष्ठभाग सपाट, अक्षरांच्या कडा शाबूत, थर अखंड. एवढ्या चांगल्या अवस्थेत ठिपका असता तर तो दिसलाच असता. म्हणून या नाण्याबद्दल मी म्हणू शकलो: खूण नाही, कलकत्ता.

दुसऱ्या १९३६ बद्दल तसं म्हणता येईना. तिरप्या उजेडात सालाच्या आकड्यांची उंचीच शिल्लक नव्हती. ३ ची पोटं सपाट झालेली, ६ चं वेटोळं बुजलेलं. आकडे गेले तिथे ठिपका राहील कसा? वजन केलं: मूळ ४.८६ ग्रॅमच्या जागी ४.३. झीज किती झाली ते वजन सांगतं, टांकसाळ कुठली ते नाही, कारण दोन्हीकडचं वजन एकच. मग धुण्याआधीचा फोटो शोधला. फोटो होता, चांगला स्वच्छ. सालही वाचता येत होतं. आणि सालाच्या नेमकं खाली चिखलाचं ढेकूळ.

धाकटा हिरमुसला. त्याला वाटत होतं की मी काहीतरी युक्ती काढेन. युक्ती नव्हती. कलकत्त्याची खूण म्हणजे खुणेचा अभाव, आणि इथेच सगळे फसतात. झिजलेलं, घासलेलं, खाल्लेलं मुंबईचं प्रत्येक नाणं कलकत्त्याचं सोंग घेतं. गंजाचा फोड आलेलं कलकत्त्याचं नाणं मुंबईचं सोंग घेतं. घासण्याने खोटं कलकत्ता तयार होतं, न घासण्याने खोटी मुंबई. त्याच्या हातात दोन्हीचा एकेक नमुना होता आणि दोन्ही त्याने उलटे वाचले होते. शिक्षण म्हणून याहून चांगला डबा मिळाला नसता.

चांदीचे दोन रुपये

१९१८ च्या रुपयाने फार वेळ घेतला नाही. मागच्या बाजूला खाली कमळ आहे, त्याच्या खालच्या जागेत उठावदार ठिपका. मुंबई. वजन ११.४ ग्रॅम, मूळ ११.६६. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी चांदीची इतकी ओढाताण होती की सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी हिंदुस्थानला विकली. त्या वर्षांतले रुपये भरपूर सापडतात. आजींना त्याच्याकडे बघून सासऱ्यांच्या कमरेची पैशांची पिशवी आठवली, ते ऐकण्यात अर्धा तास गेला. मला तो अर्धा तास नाण्यापेक्षा मोलाचा वाटला.

फारसी रुपयाने मात्र मोह घातला. शाह आलमचं नाव थोडंसं वाचता येत होतं. मराठी सरदारांच्या टांकसाळी मोगल बादशहाच्या नावानेच रुपये पाडत, बादशहा दिल्लीत असो, आंधळा असो की वारलेला असो. आणि इथून तासाभराच्या वाटेवर चांदवड. तिथे होळकरांची टांकसाळ होती, तिच्या रुपयांवर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असा मजकूर येतो आणि जुन्या जमाखर्चात 'चांदवडी' हा शब्द वारंवार भेटतो. खुद्द नाशिकला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, त्या नावाचेही रुपये आहेत. थोरला भाऊ म्हणाला, "मग चांदवडीच की काका, दुसरं काय असणार?"

मलाही तसंच वाटत होतं, म्हणूनच थांबलो. त्या काळी ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. हातोडा पडला की मजकुराचा जो भाग चकतीवर येईल तो येईल, बाकीचा हवेत. टांकसाळीचं नाव बहुधा खालच्या काठावर, आणि आमच्या नाण्याला खालचा काठ मिळालाच नव्हता. म्हणून तर या नाण्यांत बारीक चिन्हांना महत्त्व आहे: पुण्याच्या रुपयावरचा अंकुश इतका ओळखीचा की त्या रुपयाचं नावच अंकुशी पडलं. आमच्या रुपयावर एक चिन्ह दिसत होतं खरं, लहानसा चांद. पण तो अक्षरांच्या वरून, तिरका, खोल बसलेला. टांकसाळीचं चिन्ह ठशातच कोरलेलं असतं, त्यामुळे ते अक्षरांसारखंच उठून येतं. हा आत दाबलेला होता. सराफाने नाणं पारखून घेतल्याची टाच.

तेव्हा गावोगावचे रुपये एकाच बाजारात फिरत. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात द्यायचा तर सराफ काही कापून घ्यायचा, तो बट्टा. नावाला बट्टा लागतो असं आपण म्हणतो तेव्हा हा सराफ आपल्या बोलण्यात अजून बसलेला असतो. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या मुलखात एकच रुपया केला आणि मग हळूहळू हा धंदा आटला. टाच मारलेल्या नाण्यात संग्राहक टाचेला डाग म्हणतात. मला ती आवडते. नाणं बाजारात खरंच फिरलं, कुणीतरी त्याला वाजवून पाहिलं, याची ती सही आहे.

तर वहीत काय लिहायचं? 'शाह आलमच्या नावाचा रुपया, टांकसाळीचं नाव चकतीबाहेर, वर सराफी टाच.' चांदवड जवळ आहे हा पुरावा नाही. नाणी चालतात, म्हणूनच त्यांना चलन म्हणतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरी लाल गुप्तांनी जिथे काम उभं केलं ती. हे नाणं तिथल्या जाणत्यांच्या नजरेखालून जावं असं मी सुचवलं आहे. शिवराईचा प्रश्नच नव्हता. तिच्यावर टांकसाळीचं नावच नसतं.

हंडा

संध्याकाळपर्यंत शेजारचे दोघे-तिघे जमले होते. प्रश्न एकच: खाली हंडा आहे का? थोरल्याच्या डोक्यात जेसीबी होता. एकाने तर पायाळू माणूस आणण्याचं सुचवलं, त्याला जमिनीतलं दिसतं म्हणे. मी म्हटलं, त्याला आधी वाटी शोधायला सांगा.

हंडा नाही, असं मी सांगितलं, आणि हे खुणांनी नाही, सालांनी आणि जागांनी सांगितलं. पुरलेलं धन एका दिवशी पुरलं जातं. त्यात एका काळाची नाणी असतात, बहुधा चांगली, बहुधा चांदीची, आणि ती एका जागी असतात. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडलेला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा आठवा: १३,००० हून अधिक नाणी, त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. कोण जिंकलं, कोण हरलं हे त्या साठ्याने नाण्याच्या तोंडून सांगितलं, आणि ते सांगता आलं कारण नाणी एकत्र हाती आली. दहा सराफांकडे दहा-दहा गेली असती तर तो फक्त चांदीचा भाव होता.

इथे शिवराईपासून गेंड्यापर्यंत पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा पसारा. बहुतेक हलक्या किमतीची. आमच्या नकाशावर शिवराई आणि फारसी रुपया विहिरीच्या थारोळ्याकडे, काशाची नाणी तिवड्याभोवती विखुरलेली. खळं म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. बैलांची पात धरून मळणी, वाऱ्यावर उफणणी, रास, आणि राशीपाशी जमलेलं सगळं गाव: बलुतेदार, मजूर, मागतकरी. धोतराच्या सोग्यातून, लुगड्याच्या ओच्यातून पैसा पडला की भुश्यात गेला. दरवर्षी सारवण होई, पैसा आणखी खाली जाई. ही हरवलेली नाणी आहेत. दोनशे वर्षांतल्या अकरा माणसांची अकरा चुटपुट.

जेसीबीचं इंजिन त्या बोलण्याने बंद झालं. पूर्ण नाही, पण त्या दिवसापुरतं.

यादी

मग मी जे बोललो ते कुणाला आवडलं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं आणि अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. स्वतःचं शेत, स्वतःची विहीर, स्वतःचं यंत्र, याने त्यात फरक पडत नाही. "पण काका, ही तर पडलेली नाणी, पुरलेली नाहीत, तुम्हीच म्हणालात," धाकटा म्हणाला. मुद्दा चांगला होता. पण तो ठरवणं तुझं काम नाही आणि माझंही नाही, कळवणं आपलं काम आहे, असं सांगितलं. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी खरेदीदारांच्या गोष्टी सांगणारे व्हिडिओ एवढं सांगत नाहीत. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीत आपलं नाव वापरून लोकांना गंडवलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

आणखी एक बजावलं. यंत्र घेऊन पांडवलेण्याच्या पायथ्याशी किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूच्या आसपास जायचं नाही. मित्रांबरोबर तसा बेत चालू होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

यादी त्यानेच लिहिली, मी शेजारी बसलो. अकरा ओळी. नाणं, साल, धातू, वजन, खूण, जागा. सातव्या ओळीला, म्हणजे त्या धुतलेल्या १९३६ ला, त्याने सवयीने 'कलकत्ता' लिहिलं. मी काही बोललो नाही. तो थांबला, खोडलं, आणि लिहिलं 'खूण नाही'. पुन्हा थांबला. तेही खोडलं. मग लिहिलं: 'घासल्यामुळे खूण वाचता येत नाही.' कागदावर दोन खाडाखोडी झाल्या म्हणून नवीन कागद घेऊ म्हणाला. मी म्हटलं, राहू दे तशीच.

प्रत्येक नाणं कागदाच्या वेगळ्या पुडीत, पुडीवर यादीतला आकडा. अर्ज दिला, पोच घेतली. पुढचं जे व्हायचं ते यथावकाश होईल.

निघताना मी त्याला यंत्राबद्दल विचारलं, कोणत्या सेटिंगवर फिरवलं? म्हणाला, पहिल्या दहा मिनिटांत गुटख्याच्या चांदीच्या कागदांनी वैताग आणला, म्हणून तो आवाज बंद करून टाकला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे हे त्या खळ्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. पण सोन्याची लहान, पातळ वस्तू यंत्राच्या आकड्यात बहुधा त्याच कागदांच्या आसपास येते. त्याने कचरा गप्प केला तेव्हा वाटीलाही गप्प केलं असणार. तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन यंत्र घेऊन आला.

परवा फोन आला होता. सगळे आवाज चालू ठेवून खळ्याचा पश्चिमेकडचा चौथा हिस्सा झाला आहे. पुड्या सदतीस. वाटी अजून दिसलेली नाही.